न उमटणारे अक्षर

वाशीच्या घाऊक धान्य बाजारातील एका पेढीच्या बिलावर, बोधचिन्हाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, एक तारांकन आणि त्याला चिकटून इंग्रजी आर व बी ही अक्षरे उमटू लागली. पोत्यांची संख्या, हमाली, तोलाई हे सारे बिनचूक होते. मेहताजींनी टोनर बदलून पाहिला, पण ती तीन चिन्हे हटेनात. तेव्हा ते बिल माझ्याकडे आले.

पेढीचा जुना बिलिंग प्रोग्राम प्रिंटरशी थेट पीसीएल या ह्यूलेट-पॅकार्डच्या आज्ञाभाषेत बोलतो. या भाषेत छापायचा मजकूर आणि प्रिंटरला द्यायच्या आज्ञा एकाच प्रवाहातून, एकापाठोपाठ एक बाइट अशा जातात. त्यांतील भेद ओळखण्याची खूण म्हणजे एस्केप हे २७ क्रमांकाचे, स्वतः कधीही न उमटणारे अक्षर. एस्केप, डावा कंस, लहान एस, ३ आणि कॅपिटल बी एवढे पाठवले की पुढचा मजकूर ठळक होतो. सारख्या सुरुवातीच्या अनेक आज्ञा एकत्र जोडताही येतात. मधल्या आज्ञांचे शेवटचे अक्षर लहान ठेवायचे आणि अगदी शेवटचे कॅपिटल, म्हणजे आज्ञा संपली हे प्रिंटरला कळते. फाँट निवडताना प्रिंटर आधी चिन्हसंच, मग अक्षरांमधले अंतर, उंची, तिरपेपणा आणि ठळकपणा जुळवतो, आणि अक्षरवळणाचा, म्हणजे टाइपफेसचा, विचार या सर्वांनंतर करतो. मागितलेल्या वळणाऐवजी भलतेच वळण छापले जाते, त्याचे कारण बहुधा या क्रमात सापडते.

अख्ख्या पानाचे चित्र न पाठवता मजकूर आणि आज्ञाच पाठवण्याची ही काटकसर त्या काळाची गरज होती. १९८४ साली आलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या पहिल्या लेझरजेट प्रिंटरमध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-फोर कागदावर सुमारे ८७ लाख ठिपके बसतात, म्हणजे दहा लाखांहून अधिक बाइट; त्या स्मृतीत पानाच्या चित्राचा आठवा हिस्साही मावत नव्हता. अशा जुन्या प्रिंटरांच्या अंगभूत फाँटांत देवनागरीही नसे. तिच्यासाठी वेगळा फाँट प्रिंटरमध्ये उतरवावा लागे किंवा मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागे. फाँट उतरवला तरी ‘हिशेब’ या शब्दातली पहिली वेलांटी ह-च्या आधी पाठवण्याची जबाबदारी प्रोग्रामचीच असे, कारण प्रिंटरला मराठी येत नाही; तो मिळालेल्या क्रमाने आकार मांडत जातो.

चित्राची गोष्ट आणखी नाजूक आहे. प्रत्येक ओळीआधी ‘पुढचे इतके बाइट चित्राचे’ असे सांगावे लागते, आणि तेवढे बाइट मोजून होईपर्यंत प्रिंटर त्यांचा दुसरा कोणताही अर्थ लावत नाही. एका बाइटमध्ये आठ ठिपके. पेढीचे बोधचिन्ह ३०० ठिपके रुंद, म्हणजे साडेसदतीस बाइट, म्हणून प्रत्येक ओळीला ३८ बाइट सांगितलेले. मी फाइल बाइट-बाइट उघडून पाहिली, तेव्हा शेवटच्या ओळीत ३७ बाइटच निघाले. त्या ओळीचा शेवटचा, निव्वळ पांढऱ्या ठिपक्यांचा बाइट फाइल जतन करताना कुठेतरी गळाला होता. प्रिंटरने मोजणी पूर्ण करण्यासाठी पुढचा बाइट चित्रात घेतला, आणि तो नेमका ‘चित्र संपले’ या आज्ञेचा एस्केप होता. खूण गिळली गेल्यामुळे आज्ञेची उरलेली तीन अक्षरे, तारांकन, आर आणि बी, साधा मजकूर म्हणून छापली गेली. त्यानंतरच्या आज्ञांना आपापला एस्केप होता, त्यामुळे बाकीचे बिल निर्दोष उतरत राहिले.

मी ओळीच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट जोडला. पुढच्या बिलावर बोधचिन्हाचा कोपरा कोरा होता.