आईबाबांच्या पॉलिसीत मूल आपोआप कव्हर होतं का?

सुट्ट्या जवळ आल्या की ठाण्यात, घोडबंदरकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच, की आईबाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असला की लहान मूल त्यात आपोआप येतं, वेगळे पैसे घालवू नका. असं वाटणं साहजिक आहे, कारण फॅमिली पॉलिसी असतात आणि त्यात मुलं येतातही, पण नाव घातलं तरच.

विमा माणसागणिक असतो. पॉलिसीची पीडीएफ उघडा, शेड्युल नावाचं पान असतं, त्यात विमाधारकांच्या यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर बघा, नाव नसेल तर क्लेमच्या वेळी काही उपयोग नाही. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, तर मुलाचाही अर्ज वेगळा असतो आणि किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर त्याच्याही नावावर दाखवावं लागतं.

तान्हं बाळ असेल तर कमीत कमी वयाची अट आधी वाचा, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. आणि दमा वगैरे काही असेल तर प्लीज फॉर्ममध्ये लिहाच, लपवलं की क्लेम अडकतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आईबाबाच ॲडमिट झाले तर मुलाला घरी परत आणायचा खर्च मिळतो का, ते प्रीमियमच्या आधी विचारा.