व्हिनेगरची बरणी घट्ट बंद करू नका

सोलापुरात अंगणातल्या 'एचआरएमएन-९९' या उष्ण हवेतही येणाऱ्या जातीच्या सफरचंदांचं व्हिनेगर पहिल्यांदाच घालणाऱ्याला हमखास सांगतात, "झाकण घट्ट लावा, हवा लागली की नासतं." हे चूक आहे आणि धोक्याचंही. आधी यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो कोंडला तर काच फुटते. पुढे अल्कोहोलचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना तर हवाच लागते. म्हणून लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा स्वच्छ सुती दादरा बांधा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा बरणी माठाशेजारी गारव्याला ठेवा. माझ्या बरणीत सायीसारखा, पण बुळबुळीत थर आला आणि शेजारच्या काकू ती ओतायलाच निघाल्या! तो थर म्हणजेच व्हिनेगरची 'आई', आम्ल करणाऱ्या त्याच जिवाणूंचा थर; तो राहू द्या. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका.