न्यूयॉर्कची वाट ग्रीनलंडवरून

मुलीला मुंबईच्या विमानतळावर सोडून घरी परतलेले आई-बाबा मोबाइलवर तिचं विमान बघत बसतात. जायचंय पश्चिमेला, न्यूयॉर्कला, आणि पडद्यावरचं विमान निघालंय उत्तरेकडे. जीव घाबरा होतो. पण विमानाचं काही चुकलेलं नसतं. आपली नजर वर्गातल्या भिंतीवरच्या सपाट नकाशाला सरावलेली असते, एवढंच.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून घट्ट ताणा. तो कंदाहारजवळून, कॅस्पियन आणि अरल समुद्रांच्या मधून रशियात शिरेल, स्वीडन-फिनलंडमधला समुद्र ओलांडेल आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरेल. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि वाटेचा मध्य चक्क ६२ अंशांवर! ही वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर त्याच्यावरूनच मोजतात. इथे ते भरतं सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेतल्या मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून आखलेली सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा करत जाते आणि प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटरची होते. फरक मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळजवळ दीडपट.

अर्थात दोऱ्याला सरहद्दी अडवत नाहीत, विमानाला अडवतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद आहे. अशा वेळी वळसा पडतो, इंधन वाढतं.

अंतर जाताना-येताना तेच, मग वेळ वेगळा का? अमेरिकेला जाताना तास-दीड तास जास्त का लागतो? पुष्कळांना वाटतं, पृथ्वी खालून फिरते म्हणून. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि विमान त्या हवेतच असतं. खरं कारण वारा. सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. १९२० च्या दशकात जपानच्या ताटेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत लिहिला. पण ती जाणणारे थोडेच, त्यामुळे तो फारसा कुणी वाचला नाही. मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.

आता थोडं गणित. अंतर तेच, १२,५०० किलोमीटर. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा १०० चा. जाताना वारा समोरून, म्हणजे वेग ८०० आणि वेळ १५ तास ३७ मिनिटं. येताना तोच पाठीशी, वेग १,०००, वेळ साडेबारा तास. जाताना गमावलं ते येताना भरून निघालं, असं वाटेल. पण बेरीज करा: २८ तास ७ मिनिटं. वारा नसताच तर दोन्ही फेऱ्या मिळून २७ तास ४७ मिनिटांत झाल्या असत्या. ही २० मिनिटं गेली कुठे? समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठीशी असलेल्या वाऱ्यात कमी वेळ. म्हणून तोटा फायद्याहून नेहमी थोडा मोठाच राहतो.