पार्श्वभूमी : पॅसिफिकचा पट्टकृमी आणि त्याची बारशी

पट्टकृमी म्हटलं की आपल्याला डुकराचं मांस आणि न धुतलेला कोबी आठवतो. समुद्री माशातून येणारा पट्टकृमी निराळा. पेरूच्या किनाऱ्यावर चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वाळलेल्या विष्ठेत त्याची अंडी सापडली आहेत.

शास्त्राच्या दप्तरी मात्र तो 1931 मध्ये दाखल झाला, तोही चिलीच्या हुआन फर्नांडेझ बेटांवरच्या फर सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पोटातून. नाव पडलं ॲडेनोसेफॅलस पॅसिफिकस. 1956 मध्ये त्याचा स्वतंत्र वंश मोडून त्याला डायफायलोबोथ्रियम या वंशात घातलं. त्या घराण्यातला तेव्हाचा सगळ्यांत नावाजलेला सदस्य म्हणजे युरोपातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा पट्टकृमी. घोळ इथूनच. दोघांची अंडी दिसायला सारखीच, समुद्रवाल्याची जरा लहान इतकंच. त्यामुळे विष्ठा तपासणीच्या रिपोर्टवर नुसतं 'डायफायलोबोथ्रियम' लिहिलं, तर जंत नदीचा की समुद्राचा हे कळायला मार्ग नाही. जंताच्या शरीराचा एखादा खंड (तुकडा) हाती लागला तर ओळख पटते: समुद्रवाल्याच्या खंडाच्या पुढच्या भागावर बारीक उंचवटे असतात. हे उंचवटे आणि जनुकीय तपासणी यांच्या आधारे 2015 मध्ये जुनं नाव परत मिळालं. 59 वर्षं लागली, हे जरा जास्तच झालं.

माणसातले बहुतेक रुग्ण पेरूतले, कारण सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. लिंबाच्या रसात मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो. माशातल्या पट्टकृमीच्या अळीला मात्र त्याने काही होत नाही. 1991 च्या कॉलराच्या साथीत लोकांनी कच्च्या माशाचा धसका घेतला आणि या जंताचे रुग्णही कमी झाले.

2010 नंतरच्या दशकात स्पेनमध्ये असे रुग्ण सापडले, जे दक्षिण अमेरिकेत कधी गेलेच नव्हते. संशय गेला बर्फात ठेवून, न गोठवता, 'ताजा' म्हणून आयात होणाऱ्या माशावर. हा 'ताजा' शब्दच फसवा आहे. नुसत्या बर्फाने मासा टिकतो, आणि अळीही. औषधाच्या एका डोसने जंत पडतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

स्पेनमध्ये 2006 पासून कच्चा मासा वाढणाऱ्या हॉटेलांना तो उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवावा लागतो. तो नियम आला अनिसाकिस या गोल जंतामुळे. पट्टकृमीला त्याचा आयताच चाप बसतो. अमेरिकेत याच तापमानाला 7 दिवस सांगतात. बाजारातून ताजा मासा आणून घरी सेविचे करणाऱ्याला स्पेनचा तो नियम लागू नाही.