गिअर पंप

गिअर पंप : एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन दंतचक्रांच्या खाचांतून द्रव एका बाजूकडून दुसरीकडे नेणारा पंप. अपकेंद्री पंप पंख्याने द्रवाला वेग देतो. गिअर पंप दर फेऱ्याला ठरावीक घनफळाचा द्रव पुढे सारतो. अशा पंपांना (पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंप) मराठीत ‘धन विस्थापन पंप’ म्हणतात. ती इंग्रजी संज्ञेची शब्दशः प्रतिकृती आहे. ‘निश्चित विस्थापन’ ही संज्ञा अर्थाला अधिक धरून आहे. कोल्हापूरच्या कारखान्यांत ‘गिअर पंप’ हाच शब्द रुळलेला असून फर्नेस ऑईल, वंगणतेल, मळी, रेझिन अशा घट्ट द्रवांसाठी हा पंप मुख्यतः वापरतात.

उगम : या पंपाचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. इटालियन अभियंता आगोस्तिनो रामेल्ली याच्या १५८८ च्या यंत्रसंग्रहात फिरते पंप दिसतात; परंतु ते सरकत्या पात्यांचे आहेत, दंतचक्रांचे नव्हेत. त्यामुळे त्याला फार तर पूर्वसूरी म्हणता येईल. जुन्या जर्मन यंत्रग्रंथांत ‘पापेनहाइमचे यंत्र’ असा उल्लेख येतो आणि त्याच्यापुढे सामान्यतः १६३६ हे साल घातले जाते. हा पापेनहाइम म्हणजे तीस वर्षांच्या युद्धातील सेनापती गोटफ्रीड हाइनरिख असेल, तर तो १६३२ मध्ये ल्युत्झेनच्या लढाईत जखमी होऊन मरण पावला होता. म्हणजे ते साल शोधाचे नसून वर्णन छापले गेल्याचे असावे. दुसरे नाव खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याचे. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, बहुधा प्राग येथील वास्तव्यात, त्याने झडपा नसलेल्या व दोन दातेरी चाकांच्या पंपाची कल्पना मांडली. खाणींतील पाणी उपसणे हा तिचा एक हेतू असल्याचे दिसते. कालक्रम पाहता केप्लरचा दावा अधिक सबळ वाटतो. पापेनहाइमने त्याच्यापासून काही घेतले की दोघांनी स्वतंत्रपणे विचार केला, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

कल्पना एवढी जुनी असून पंप प्रचारात यायला सुमारे अडीच शतके लागली. दात व कवच यांच्यामधली फट पुरेशी बारीक ठेवणे त्या काळच्या कारागिरीला शक्य नव्हते, हे त्याचे मुख्य कारण असावे. दातांचा इनव्हॉल्यूट (वर्तुळावरून उलगडणाऱ्या दोऱ्याच्या टोकाने रेखलेल्या वक्राचा) आकार लेओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात सुचवला. हर्मान फाउटर याच्या हॉबिंग (फिरत्या हत्याराने दात कापण्याच्या) यंत्राचे पेटंट १८९७ चे आहे. एकसारखे दात मोठ्या संख्येने कापणे त्यानंतरच सोपे झाले. एका दंतचक्राच्या पोटात दुसरे फिरते असा आंतर प्रकार अमेरिकेत येन्स नील्सन याच्या नावाशी जोडला जातो. त्याच्या पंपाचे उत्पादन करणारी कंपनी आयोवा राज्यातील सीडर फॉल्स येथे १९११ मध्ये सुरू झाली.

कार्य : बाह्य प्रकारात, म्हणजे दोन्ही चक्रे शेजारी-शेजारी असतात तेव्हा, मोटरला जोडलेले चालक चक्र दुसऱ्या, अनुगामी चक्राला फिरवते. दात एकमेकांतून सुटतात त्या बाजूला पोकळी वाढते, दाब घटतो आणि द्रव आत येतो. पुढे तो दोन चक्रांच्या मधून जातो असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. द्रव दातांच्या खाचांत बसून कवचाच्या कडेने, बाहेरून जातो. मधोमध गुंतलेले दात त्याला परतू देत नाहीत, म्हणून तो डिलिव्हरीकडे, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूकडे, ढकलला जातो. मोटर उलटी फिरवली की सक्शन (द्रव आत येण्याची बाजू) व डिलिव्हरी यांची अदलाबदल होते. मात्र बहुतेक पंपांत सुरक्षा झडपही (दाब फार वाढल्यास उघडणारी) उलटून बसवावी लागते, आणि हेच नेमके विसरले जाते.

दर फेऱ्याचे घनफळ स्थूलमानाने २π × दातांची संख्या × मोड्यूलचा वर्ग × दाताची रुंदी इतके असते. मोड्यूल म्हणजे दंतचक्राचा व्यास भागिले दातांची संख्या, अर्थात दाताच्या आकाराचे माप. मोड्यूल ४ मिमी., दात १२ आणि रुंदी ३० मिमी. घेतल्यास ते सुमारे ३६ घ. सेंमी. येते, १,४४० फेऱ्यांच्या मोटरवर मिनिटाला ५२ लिटर. प्रत्यक्षात मिळते ते याहून कमी, कारण दातांची टोके व कवच आणि चक्रांच्या बाजू व झाकणे यांच्यामधल्या फटींतून थोडा द्रव मागे येतो. ही गळती दाबाच्या फरकाच्या समप्रमाणात व द्रवाच्या श्यानतेच्या (घट्टपणाच्या) व्यस्त प्रमाणात असते. फटीशी तिचे नाते घनाचे आहे. फट ०·०५ मिमी.वरून ०·१० मिमी. झाली की गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. या पंपाचे सारे गुणदोष येथेच आहेत. घट्ट द्रव फटीला स्वतःच सील करतो, म्हणून तेलावर उत्तम चालणारा पंप पाण्यावर दुबळा ठरतो.

कोल्हापुरातील वापर : पंचगंगेच्या काठावर पंप म्हटला की शेतीचा अपकेंद्री पंपच डोळ्यांसमोर येतो. तो डिलिव्हरीची झडप बंद ठेवून सुरू करण्याची सवय गिअर पंपावर घातक ठरते. वाट बंद असली तरी चक्रे द्रव ढकलतच राहतात आणि दाब शाफ्ट तुटेपर्यंत किंवा कवच फुटेपर्यंत वाढू शकतो. म्हणून सुरक्षा झडप अनिवार्य मानतात आणि पंप वाट उघडी ठेवूनच चालू करतात. कोरडा चालवणेही टाळतात, कारण आतल्या बूशांना (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्यांना) वंगण पंपातल्या द्रवाचेच मिळते.

शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती ओतकामासाठी प्रसिद्ध आहेत. तेलावर चालणाऱ्या भट्ट्यांना फर्नेस ऑईल आणि साच्याच्या वाळूत मिसळायचे रेझिन यांसाठी गिअर पंप सोयीचा पडतो. फर्नेस ऑईल थंडीत गोठल्यासारखे होते. ते आधी तापवले नाही तर पंप पुरेसे तेल ओढू शकत नाही आणि खडखडू लागतो. ओतशाळेतला त्याचा खरा शत्रू मात्र वाळू आहे. टाकीचे झाकण उघडे राहिले की सिलिकाची धूळ तेलात उतरते, चक्रांबरोबर फिरत झाकणांवर चरे पाडते आणि वर सांगितलेली फट वाढवते. सक्शनच्या गाळणीची जाळी फार बारीक घेऊनही चालत नाही. घट्ट तेल तिच्यातून येईना की पोकळी निर्माण होऊन दात खवले जातात.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांत मळीसाठी असे पंप लावतात. मळी पाण्याच्या सुमारे १·४ पट जड व अतिशय चिकट असते. त्यामुळे पंपाचा वेग कमी आणि सक्शनचा पाइप रुंद व आखूड ठेवतात. पातळ करण्यासाठी ती ४०° से.च्या फार वर तापवणे इष्ट नसते, साखर बिघडते.

याच परिसरात ओतकाम, यंत्रण व दंतचक्रे कापणे ही कामे होत असल्याने दुरुस्तीसाठी पंप बाहेर पाठवावा लागतोच असे नाही. झिजलेली झाकणे ग्राइंडिंग करून सपाट करतात आणि दंतचक्रे जोडीनेच बदलतात. एकच नवे घातल्यास ते जुन्याशी नीट गुंतत नाही. बऱ्याच पंपांत झाकणाखालच्या कागदी गॅस्केटच्या जाडीवरच बाजूची फट ठरते. मूळच्या पातळ गॅस्केटऐवजी हाताशी आलेला जाड कागद कापून बसवला, तर सारे भाग नवे असूनही पंप पूर्वीइतके तेल देत नाही.