भाव पाहून चाल: रद्द सौद्यांचा वाद कुठून आला?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही बुद्धिबळप्रेमींनी एक सामूहिक डाव अंदाजबाजारावर खेळायचं ठरवलं आहे. अंदाजबाजार म्हणजे पुढे काय होईल यावर सौदे करायचा बाजार; तिथला भाव म्हणजे ती गोष्ट घडेल असं लोकांना किती वाटतं, त्याचं माप. नियम जवळपास ठरलेत, चर्चा अडली आहे ती एकाच कलमावर. जी चाल खेळलीच गेली नाही, तिच्यावरच्या सौद्यांचं काय करायचं?

गटाने मिळून खेळणं जुनंच आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरोचे खेळाडू टपालाने एकमेकांशी खेळले होते. पण तिथे मूठभर जाणकार चर्चा करून चाल ठरवत. हजारोंचा जमाव आला तो इंटरनेटमुळे, आणि तो आला मतदानासकट. १९९९ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्याविरुद्ध ५० हजारांहून अधिक लोक चार महिने खेळले. चाल निवडायला चोवीस तास मिळत. डाव अप्रतिम झाला, पण शेवटाकडे मतदानातली फट उघडी पडली. ५८व्या चालीला सर्वांत भरवशाच्या विश्लेषकाची शिफारस वेळेत लोकांपर्यंत पोचलीच नाही. पुढच्याच चालीला वजीर फुकट घालवणाऱ्या चालीवर मतं ओतली गेली आणि आयोजकांना ती बाद करावी लागली. ६२ चालींनंतर जग हरलं. वाईट मत देणाऱ्याला काहीच गमवावं लागत नव्हतं, ही मतदानातली खरी फट.

बाजाराची कल्पना इथेच आकर्षक वाटते. निर्णय बाजारभावावरून घ्यावेत असं एका अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २०००च्या सुमारास मांडलं होतं, तेही राज्यकारभारासाठी. थोडे सौदे असले तरी सतत भाव देत राहणारं सूत्रही त्याचंच. पटावर तीस-चाळीस चाली शक्य असताना त्या सूत्रावाचून बाजार चालणं अवघड. प्रत्येक चालीचा प्रश्न एकच: ही खेळली तर आपण जिंकू का? सर्वांत चढा भाव असलेली चाल खेळायची, तिच्यावरचे सौदे डाव संपेपर्यंत जिवंत ठेवायचे, बाकीचे रद्द करून त्यांत पैशांऐवजी लावलेले गुण परत द्यायचे.

गोम आहे ती या 'परत द्यायचे'मध्ये. वाईट चाल चढवणारा मार खातो, कारण ती खेळली जाते आणि त्याचे गुण जातात. पण चांगल्या चालीचा भाव पाडणाऱ्याचं काय? ती खेळली जात नाही, सौदा रद्द होतो, गुण जसेच्या तसे परत. वाशीच्या बाजारात कांद्याचा भाव पाडायला निदान माल तरी विकावा लागतो. इथे तेवढंही नाही. सौदे रद्द करण्याचं कलम निरुपद्रवी मानणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

अभ्यासकांनी सुचवलेला उपाय गणिताच्या दृष्टीने चोख आहे. अधूनमधून चाल सोडतीने निवडायची, प्रत्येक चालीला थोडी तरी शक्यता ठेवायची, आणि जिची शक्यता शंभरात एक, तिच्यावरच्या सौद्यांचा हिशोब शंभरपट करायचा. मग खोटा भाव पाडणाऱ्याला कधी ना कधी किंमत मोजावी लागते. पण जिंकत आलेल्या डावात सोडतीने हत्ती घालवणं कोण सोसेल?

दुसरा पर्याय म्हणजे न खेळलेल्या चालींचा निकाल संगणकाच्या मूल्यमापनावर लावणं. तो सोपा आहे आणि माझ्या मते सर्वांत वाईट. मग लोक डाव जिंकायचा विचार करत नाहीत, संगणक काय म्हणेल ते ओळखतात, आणि ते प्रत्येकाच्या फोनवर आधीच दिसतं. एप्रिल-मे २०२५ मध्ये १ लाख ४३ हजारांहून अधिक लोकांनी अव्वल खेळाडूला बरोबरीत रोखलं ते साध्या मतदानाने; तिथेही या छुप्या मदतीची शंका होतीच.

पैशांचा प्रश्न इथे येत नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. म्हणून सगळं गुणांवरच.

सध्याचा मसुदा मध्यममार्गी आहे: अव्वल भावापासून पाच गुणांच्या आत असलेल्या चालींमध्येच सोडत. वजीर-हत्ती त्यामुळे वाचतील, पण भाव पाडणाऱ्याला चांगली चाल सहा गुणांनी खाली ढकलली की पुरे. निदान पंधरा गुणांची मर्यादा हवी, आणि ती पहिल्या चालीआधी ठरायला हवी.