दारे-खिडक्यांचे प्राचलिक मॉडेल

वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये दार किंवा खिडकी एकेक रेष ओढून न काढता रुंदी, उंची, सिलची (खिडकीच्या खालच्या कडेची) पातळी, झडपांची संख्या, चौकटीची जाडी व उघडण्याची दिशा अशा बदलत्या मूल्यांवरून, म्हणजे प्राचलांवरून, घडवण्याची पद्धत. मूल्य बदलले की आराखडा, दर्शनी चित्र, छेद आणि दार-खिडक्यांचा तक्ता या सर्वांत तो बदल उमटतो. मुंबईतील वास्तुविशारदांच्या कार्यालयांत ‘डी-१’ (दार), ‘डब्ल्यू-२’ (खिडकी), ‘व्ही-१’ (झरोका) अशा खुणांनी ओळखले जाणारे प्रकार आता बहुधा याच पद्धतीने तयार होतात.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. इटालियन वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती यांनी ‘प्राचलिक वास्तुकला’ ही कल्पना साधारणतः १९४० च्या दशकात मांडली व १९६० मध्ये मिलान येथील प्रदर्शनात त्या तत्त्वावरील क्रीडागारांची प्रारूपे ठेवली. तथापि ते गणित प्रेक्षकांच्या दृष्टिरेषांचे होते. दार-खिडकीसारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाचा विचार त्यात नव्हता. दुसरे मत अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’कडे (१९६३) बोट दाखवते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार झालेल्या या प्रणालीत मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रती बदलत आणि दोन रेषा समांतर वा लंब राहाव्यात ही अट संगणक स्वतः पाळत असे. पुढे १९७० च्या दशकात चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचे वर्णन एकाच माहितीसाठ्यात ठेवून त्यातून सर्व चित्रे काढण्याची कल्पना मांडली. तत्त्व म्हणून स्केचपॅडचा अग्रमान नाकारता येत नाही. दार-खिडकीपुरते पाहिले, तर मात्र बूडापेस्ट येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट या कंपनीच्या आर्किकॅड या सॉफ्टवेअरचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. त्यातील जीडीएल या छोट्या भाषेत वस्तूचे द्विमितीय चिन्ह, त्रिमितीय आकार व प्राचले एकत्र लिहिली जातात आणि भिंतीला पडणारे भोकही त्याच संहितेतून (संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांतून) पाडता येते. भिंतीत बसायच्या वस्तूंसाठी तिच्यातील अक्षही वेगळे असतात : क्षितिजसमांतर अक्ष भिंतीलगत, दुसरा उभा आणि तिसरा भिंतीच्या जाडीत. खिडकी ही टेबल-खुर्चीसारखी जमिनीवर ठेवण्याची वस्तू नव्हे, हे येथे आरंभापासून ओळखलेले दिसते. रेव्हिट हे सॉफ्टवेअर २००० मध्ये आले. यंत्ररचनेच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातून आलेल्या त्याच्या संस्थापकांनी संहिता लिहिण्याऐवजी संदर्भ-प्रतले (मापे धरण्यासाठी कल्पिलेली सपाट पातळी) व त्यांमधील मापांना नावे देण्याची रीत रूढ केली. ऑटोडेस्क या कंपनीने ते २००२ मध्ये विकत घेतले. तिच्याच ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या मापांचे ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या) २००६ च्या आवृत्तीपासून आहेत, परंतु त्यांना भिंतीचे भान नसते.

मॉडेलचा कस भिंतीशी असलेल्या संबंधात लागतो. खिडकी भिंतीवर अवलंबून असते : भिंत सरकली की ती सरकते, भिंत पुसली की तीही जाते. भिंतीची जाडी प्राचल म्हणून आत घेतली नाही, तर २३० मिमीच्या भिंतीत नीट बसलेली चौकट ११५ मिमीच्या भिंतीत बाहेर डोकावते. कोणते मूल्य सगळ्या प्रकाराला लागू करायचे आणि कोणते एकेका नगाला, हा निर्णयही येथेच घ्यावा लागतो. झडपांची रचना व चौकटीचा छेद प्रकारात, सिलची उंची व उघडण्याची बाजू नगात, अशी वाटणी साधारणपणे सोयीची ठरते. सर्वच मूल्ये मोकळी सोडलेले मॉडेल पाहताना आकर्षक वाटते. तक्त्यात मात्र प्रत्येक खिडकी वेगळी होऊन बसते. मापांना नावात गुंफण्याची रीत संगणकाबाहेरही आहे. लाकडी चौकटींसाठीच्या भारतीय मानक ४०२१ मधील संकेतानुसार ‘१० डीएस २१’ म्हणजे १०० मिमीच्या एककाने १० रुंद व २१ उंच जागेतले एका झडपेचे दार.

कमानींचे गणित स्वतंत्र आहे. उथळ कमानीची त्रिज्या काढण्यासाठी रुंदीच्या वर्गाला कमानीच्या उंचीच्या आठपटीने भागून त्यात अर्धी उंची मिळवतात. १,२०० मिमी रुंदी व १५० मिमी उंचीला त्रिज्या १,२७५ मिमी येते. कमानीची उंची शून्य केली की शून्याने भागण्याचा प्रसंग येऊन मॉडेल मोडते, म्हणून सपाट माथ्यासाठी वेगळी अट लिहावी लागते. टोकदार समभुज कमानीत त्रिज्या रुंदीइतकीच असते व उंची रुंदीच्या सुमारे ०.८६६ पट. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अशा इमारतींच्या नोंदणीत हे गणित उपयोगी पडते. दगडी कमानीचे प्रत्यक्ष माप सूत्राशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ओव्हल मैदानासमोरील आर्ट डेको इमारतींवर खिडकीमाथ्याचा छज्जा सलग पट्टीसारखा कोपऱ्यावरून वळतो. तो खिडकीच्या मॉडेलमध्ये घालणारे आहेत. तो दर्शनी भिंतीचा भाग मानणेच योग्य.

अलीकडच्या मुंबईतील फ्लॅटची नेहमीची खिडकी म्हणजे अॅल्युमिनियमची सरकती : दोन ट्रॅक काचेचे, तिसरा मच्छरजाळीचा, भोवती ग्रॅनाइटची पट्टी, बाहेर ग्रिल. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या संग्रहांत हा जोड क्वचितच असल्याने कार्यालये तो स्वतः घडवतात. पावसासाठी सिलचा बाहेरचा उतार व ट्रॅकमधील पाणी जाण्याची भोके मॉडेलमध्ये घालणे श्रमाचे असले, तरी निदान उतार तरी छेदात दिसायलाच हवा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात दारे वगळून व चौकटी धरून उघाड्यांचे (खिडक्या-झरोक्यांच्या मोकळ्या जागांचे) क्षेत्र खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश असावे लागते. ३.० × ३.६ मीटर खोलीला म्हणजे १.८ चौ. मी., १.५ × १.२ मीटरची एक खिडकी. कागदावर नियम पुरा होतो; पण सरकत्या दोन काचांपैकी एक कायम आड येत असल्याने वारा सुमारे ०.९ चौ. मी. मधूनच येतो. काचा तीन ट्रॅकवर तीन असल्यास दोन-तृतीयांश भाग मोकळा होतो. यासाठी चौकटीचे क्षेत्र व प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र ही दोन वेगळी प्राचले ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. मुंबईच्या हवेत या दुसऱ्या आकड्यावरच खोलीतले राहणे अवलंबून असते, आणि नेमका तोच बहुतेक तक्त्यांत नसतो.

न्हाणीघराचा झरोका आराखड्याच्या कापपातळीच्या (ज्या उंचीवर इमारत आडवी कापली असे मानून आराखडा काढतात तिच्या) वर असतो. त्यासाठी तुटक रेषांचे द्विमितीय चिन्ह निराळे जोडतात.

स्केचअपमधील बदलते घटक आणि फ्रीकॅडमधील रेखाकृतीवरून चौकट व तावदाने उभारणारे साधन हे याच पद्धतीचे इतर प्रकार होत. निरनिराळ्या प्रणालींमधील देवाणघेवाण आयएफसी (इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस) या फाइल-स्वरूपात होते. आयएसओ १६७३९ म्हणून ते २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात भिंत, भिंतीतील पोकळी आणि ती भरणारी खिडकी अशा तीन स्वतंत्र नोंदी असतात. चौकट व झडपांची काही मापे त्यातून पुढे जातात. त्यांना बांधणारी सूत्रे मूळ फाइलमध्येच राहतात.